मॅडमची झोप आणि मावशीचा कुकर

चहा थंड झाला तरी चालेल, पण हे ऐकताना कोणी मधेच उठू नका. मी एकदा असाच मधे उठलो होतो. त्या एका उठण्यापायी, पायात बूट न्हाईत, अंगावर विमानातलं पांघरूण, अशा अवतारात मी एका परक्या देशाच्या दारात उभा राहिलो. पासपोर्ट कुठे होता म्हणता? तो विमानात होता, आणि विमान निघायच्या तयारीत होतं.

पण थांबा. आधी मॅडमची झोप सांगायला पाहिजे. ती कळल्याशिवाय माझं येडेपण तुम्हाला पुरतं कळायचं न्हाई.

मी जालन्याच्या एका बियाणे कंपनीत विक्रीला आहे. राहायला परतूरला. म्हणजे रोज रेल्वेनं अपडाउन. आणि जन्मभर अपडाउन केलेल्या माणसाला दोन कला आपोआप येतात. एक, मांड्यांवर रुमाल पसरून पत्ते खेळणं. दुसरी, खांद्यावरची पिशवी विसरणं. गाडीत विसरणं न्हाई हो! खांद्याला पिशवी आहे हेच विसरणं. पिशवी अंगात इतकी मुरते की ती असली तर कळत न्हाई, नसली तरच चुकल्यासारखं होतं. मी घरी पाटावर जेवायला बसतो तरी पिशवी खांद्यालाच असते. आमची सुमन भाकरी वाढता वाढता म्हणते, "ती काढा आता. रांजणी स्टेशन गेलं, परतूर आलं, घर बी आलं."

तर आमच्या कंपनीचं मक्याचं बियाणं आफ्रिकेत जायला लागलं. तिथल्या शेतकऱ्यांना वावरात उभं राहून दाखवायचं, समजावून सांगायचं. त्यासाठी संशोधन विभागाच्या वाघमारे मॅडम जायच्या. मूळच्या अंबडच्या. मक्यावर डॉक्टरेट. कणसाकडे नुसतं बघून सांगतात की पाणी कधी चुकलं. बोलणं मोजकं, आणि जे बोलतील ते बराबर. त्यांनी मालकाला सांगितलं की मी वाणाचं बघते, पण शेतकऱ्याशी बोलायला दिगंबररावच पाहिजेत. भाषा येवो न येवो, ते बोलतातच.

असा मी विमानात बसलो.

आता लांबचा विमानप्रवास म्हणजे काय, ते ज्यानं केला त्यालाच ठाऊक. पहिला तास मजेत जातो. खिडकी, ढग, फुकटचा रस. दुसऱ्या तासाला समोरच्या पडद्यावर ते बारकं विमान बघायचं. निळ्या समुद्रावर चिकटवून ठेवल्यासारखं. मी दहा मिनिटं टक लावून बघितलं, जागचं हललं न्हाई. आपल्या पॅसेंजरला सिग्नल न्हाई मिळाला तर निदान खाली उतरून भजी तरी खाता येतात. इथे काय खाणार? मंग सिनेमा लावायचा, अर्धा बघून दुसरा लावायचा. मंग उगाच मागे जाऊन चहा मागायचा. तिसऱ्यांदा गेलो की तिथली पोरगी आपल्याला येताना बघूनच कप काढते.

आणि शेजारी वाघमारे मॅडम.

काय सांगावी त्या बाईची झोप! विमान सुटलं, पट्ट्याचा दिवा विझला, मी घसा साफ करून एवढंच म्हणालो, "मॅडम, तुम्हाला सांगतो, शहागडच्या पुलावर एकदा आमचा ट्रक…" बस. मान मागे, हात मांडीवर, डोळे बंद. घोरणं न्हाई, तोंड उघडं न्हाई, की मान शेजाऱ्याच्या खांद्यावर पडणं न्हाई. देवळातल्या मूर्तीसारखी झोप. आणि उतरायच्या आधी बरोबर दहा मिनिटं डोळे उघडणार, केसांवरून हात फिरवणार, म्हणणार, "चला."

मी तर त्या झोपेचा भक्तच झालो. परतूरला येऊन सगळ्यांना सांगायचो की मन स्वच्छ असलं की झोप अशी लागते. अपडाउनमधल्या आमच्या गिराम गुरुजींना सांगितलं. गुरुजी समोरच्या बाकावर बसतात. मी सांगायला लागलो आणि रांजणी यायच्या आत त्यांचाही डोळा लागला. मला वाटलं, बघा, चांगल्या झोपेची नुसती गोष्ट ऐकूनसुद्धा माणसाला झोप येते.

असे दोन दौरे झाले. दुसऱ्या दौऱ्यात माझ्याकडून जरा घोटाळा झाला. डोक्यावरचं बटण मी पंख्याचं समजत होतो. गरम होत होतं म्हणून दाबत राह्यलो, आणि दर वेळी विमानातली बाई धावत येत राह्यली. ती आली की मी तिला म्हणायचो, बाई, पंखा बंद आहे. असं पुष्कळ वेळ चाललं. शेवटी तक्रार कंपनीपर्यंत गेली. मालकानं बोलावून सांगितलं, "दिगंबरराव, मॅडम म्हणतात म्हणून आणखी एक संधी. या वेळी तुमच्यामुळे मॅडमला मान खाली घालायची पाळी आली, तर पुढच्या वेळी दुसरा माणूस."

मॅडम शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "न्हाई येणार पाळी. मी आहे ना."

ते 'मी आहे ना' माझ्या काळजात जाऊन बसलं. ठरवलं, या खेपेला आपण खुर्चीतून हलायचंच न्हाई. मॅडम मला ज्या खुर्चीत बसवतील त्या खुर्चीत शेवटपर्यंत. आणि वेळ घालवायला बरोबर पत्ते घेतले.

तिसरा दौरा. सकाळचं विमान. मॅडम खिडकीला, मी मधे, आणि माझ्या डाव्या हाताला वाटेच्या खुर्चीत एक आफ्रिकन बाई. साठीच्या पुढच्या. डोक्याला पिवळंधमक फडकं बांधलेलं, अंगानं भरदार, आणि चेहऱ्यावर असा रुबाब की मी न विचारताच त्यांना मावशी म्हणून टाकलं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईत आलेल्या. आता घरी चाललेल्या. हे मला कसं कळलं? त्यांनी डोळ्याकडे बोट दाखवलं, दोन बोटांची कात्री केली, आणि मंग मला शेंडीपासून बुटापर्यंत पाहून घेतलं. म्हणजे आता सगळं स्वच्छ दिसतं.

त्यांच्या पायाशी एक मोठी कापडी पिशवी होती. उघडून दाखवली. आत प्रेशर कुकर. चांगला मोठा, नवाकोरा, झाकणावर ऊन पडलं तर डोळे दिपावेत असा. मावशींनी शिट्टीचा आवाज काढून दाखवला, मंग हातानं उंची दाखवली आणि गालाला हात लावून हसल्या. सूनबाईसाठी चालला होता. मी हात जोडले. सुनेसाठी कुकर घेऊन समुद्र ओलांडणारी सासू मी तरी बघितली नव्हती.

विमान वर गेलं, दिवा विझला. मी मॅडमकडे वळून म्हणालो, "मॅडम, जांब समर्थच्या जत्रेत एकदा काय झालं…"

डोळे बंद.

झोपू द्या, म्हटलं. थकतात बिचाऱ्या. मी पत्ते काढले. माझं आणि मावशींचं अशी दोन टेबलं जोडून वर रुमाल पसरला आणि बदाम सात मांडला. त्याला भाषा लागत न्हाई. सातावर आठ, आठावर नऊ, खाली सहा, पाच. मावशींना एका डावात समजलं. दुसऱ्या डावात त्यांनी मला हरवलं. तिसऱ्यात बी हरवलं. आता विचार करा, बदाम सात दोघांत खेळायचा म्हणजे जे पान आपल्याकडे न्हाई ते समोरच्याकडे आहे, सगळा उघडा कारभार. तरी मावशी इस्पिकाची एक अठ्ठी अशी दाबून धरायच्या की माझी नव्वीपासून राजापर्यंत सगळी वरात दाराबाहेर उभी. मी हरलो की त्या माझ्या पाठीवर थाप मारायच्या. थाप कसली, कुकरची पहिली शिट्टी झाल्यासारखं माझं डोकं हलायचं. परतूरच्या डब्यात मला कोणी हरवलेलं न्हाई. पण मान्य करतो, अशी पत्ते दाबणारी बाई आपल्या लायनीवर असती तर आम्ही सगळ्यांनी बसनं जाणं सुरू केलं असतं.

कसा वेळ गेला, पत्ताच लागला न्हाई. पाय सुजले म्हणून बूट काढून विमानातले पायमोजे घातले. गार लागलं म्हणून पांघरूण खांद्यावरून घेतलं. आणि एवढ्यात विमान खाली आलं. मधला थांबा. मावशींचं गाव. आम्हाला पुढच्या देशात जायचं होतं. पुढे जाणारे सगळे जागेवर बसून राहा, असं सांगितलं गेलं. मला समजलं होतं. शपथ घेऊन सांगतो, समजलं होतं.

पण मावशी उठल्या, आणि वाकून ती कुकरची पिशवी उचलायला लागल्या. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेली बाई!

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडे गाडीत शेजारी बसलेली म्हातारी बाई उतरायला लागली, तिचं ओझं जड असलं, तर आपण बसून राहतो का? फलाटावर ठेवून येतो की न्हाई? गाडी शिट्टी देते, आपण पळत येऊन दांडी धरतो. हे मी हजारदा केलंय. डोकं विचार करायच्या आधी हात पुढे झाला होता. पिशवी माझ्या खांद्यावर. मॅडमकडे एकदा बघितलं. शांत झोपलेल्या. म्हटलं, दोन मिनिटांचं काम, बाईची झोप कशाला मोडा.

दाराशी वाटलं, शिडीखाली ठेवू आणि परत फिरू. पण शिडीखाली मावशींना घ्यायला कोणी नव्हतं. समोर विमानतळाची बारकी इमारत, आपल्या बसस्टँडएवढी, आणि लोक पायीच तिकडे चाललेले. म्हटलं, तिथवर पोचवून देऊ. चार पावलं गेलो आणि पायमोज्यांतून डांबर लागलं. दुपारचं डांबर! मी एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत चाललो, पांघरूण मागे उडतंय, खांद्यावर कुकर, आणि पुढे मावशी डुलत, हात हलवत, लोकांना दाखवत चालल्यात की हा बघा, हा आपला माणूस.

दारात एक अधिकारी. मावशींचा पासपोर्ट बघितला, शिक्का मारला, आणि माझ्यापुढे हात केला.

मी मागे बोट दाखवलं. विमानात.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पांघरूण. पायमोजे. मी परत जातो म्हणून वळलो तर मागे बंदूकवाला शिपाई. एकदा बाहेर आलेल्या माणसाला परत विमानाकडे जाता येत न्हाई, असा नियम. आणि पासपोर्टशिवाय आत जाता येत न्हाई, हाही नियम. म्हणजे मला राहायला त्या दोन देशांच्या मधली एक फरशी तेवढी उरली. ओळख पटवायला काही आहे का, असं त्यानं विचारलं असावं. मी खिसे चाचपले. पत्त्यांचा जोड निघाला.

घामानं भिजलो. डोळ्यापुढे मालक आला. आणि मॅडमचं ते 'मी आहे ना'. त्या उठतील, शेजारी रिकामी खुर्ची, खाली माझे बूट. काय तोंड दाखवतील त्या जालन्यात?

आणि तेव्हा मावशी परतल्या.

त्या खरं तर सुटल्या होत्या. शिक्का बसला होता, पलीकडे घर होतं, सून होती. पण त्यांनी माझं तोंड बघितलं, मागे आल्या, अधिकाऱ्याला काहीतरी म्हणाल्या. त्यानं मान हलवली. मावशींनी एक सुस्कारा सोडला, नेसूचं आवरलं, आणि बराबर दाराच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसल्या. ठिय्या! आपल्या तहसीलसमोर बायका बसतात ना, बिलकुल तसा. मागची सगळी रांग अडली. एक सूटवाला पुढे आला तर मावशींनी त्यालाही शेजारी बसायची खूण केली. अधिकारी बोलतोय, शिपाई बोलतोय, मावशी शांत. इस्पिकाची अठ्ठी दाबून बसल्यात. मी मनात म्हटलं, साहेब, आता तुमची वरात बाहेरच उभी राहणार, मला अनुभव आहे.

तेवढ्यात विमानाकडून ती चहावाली पोरगी झपझप येताना दिसली. एका हातात माझा पासपोर्ट, दुसऱ्या हातात माझे बूट. मला त्या पोरीचं इतकं कौतुक वाटलं! एवढ्या माणसांत एक कमी आहे हे हिनं ओळखलं, तो मीच हे ओळखलं, माझी खुर्ची, माझे बूट, सगळं हुडकलं. काय हुशार लोक ठेवतात हे! तिनं अधिकाऱ्याला पासपोर्ट दाखवला, बोलली, सही केली. मावशी उठल्या. आणि त्या पोरीनं मला दंडाला धरून विमानाकडे पळवत नेलं.

शिडीवर चढलो आणि मागे वळून बघितलं. मावशी दारातून बाहेर आलेल्या. दोन्ही हात वर करून हलवतायत, ओरडतायत, चार पावलं पळतायत, पुन्हा हात हलवतायत. काय ती माया! काही तासांची ओळख, भाषा न्हाई, नातं न्हाई, आणि ही बाई निरोप द्यायला उन्हात पळत येते. मी बी दोन्ही हात हलवले. छातीवर हात ठेवला. वाकून नमस्कार केला. त्या आणखी जोरात ओरडल्या. मी आणखी वाकलो.

दार बंद झालं.

आत आलो तर दोनशे डोळे माझ्यावर. फक्त दोन बंद. मॅडम शांत झोपलेल्या! मान मागे, हात मांडीवर. मी मनातल्या मनात त्या झोपेच्या पाया पडलो. काहीही कळलं न्हाई त्यांना. वाचलो. मालक वाचला, दौरा वाचला, मॅडमचा शब्द वाचला.

विमान वर गेलं. मी पाठ टेकायला गेलो तर पाठ टेकेना. मधे काहीतरी टणक. मागे हात घातला.

कुकर.

खांद्यावरच होता. सगळा वेळ. ज्या पिशवीपायी उतरलो, डांबर भाजून घेतलं, त्या बाईला फरशीवर बसवलं, ती पिशवी मी तिच्याच दारातून परत घेऊन आलो होतो. आणि त्या हात हलवत होत्या त्या…

अहो, मी त्यांना नमस्कार करत होतो!

आता हा कुकर मॅडमला काय म्हणून दाखवायचा? मागे जाऊन तोंड धुऊन आलो, तरी काही सुचेना. इतकी वर्षं गोष्टी रचण्यात गेली, म्हटलं, आज न्हाई तर कधी? विमान उतरायला आलं. मॅडमनी बरोबर वेळेवर डोळे उघडले, केसांवरून हात फिरवला, आणि माझ्या मांडीवरच्या कुकरकडे बघितलं.

मी सांगायला सुरुवात केली. की विमानवाल्यांनी पत्त्यांच्या स्पर्धा ठेवल्या होत्या. की पहिलं बक्षीस माझं आलं. की मोठ्या साहेबानं स्वतः येऊन दिलं, टाळ्या झाल्या, तुम्ही झोपला होता म्हणून उठवलं न्हाई.

मॅडम म्हणाल्या, "अस्सं?"

तेवढ्यात ती चहावाली पोरगी आली. माझ्याकडे बघितलंही न्हाई. वाकून मॅडमला म्हणाली की तुम्ही सांगितल्याप्रमाणे खाली निरोप दिला आहे, हेच विमान संध्याकाळी परत जाताना तिथे थांबेल, पिशवी द्या, त्या बाईंपर्यंत नक्की पोचेल. आणि तुम्ही तेव्हा वेळेवर पासपोर्ट काढून दिलात म्हणून बरं झालं, न्हाईतर विमान गेलं असतं.

मॅडमनी माझ्या मांडीवरून कुकर उचलला आणि तिच्या हातात दिला.

मी विचारलं, "मॅडम… तुम्ही तर झोपल्या होत्या."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मला विमानात झोप येतच न्हाई, दिगंबरराव. कधीच आली न्हाई."

"मंग हे डोळे मिटून?"

मॅडमना खोटं बोलता येत न्हाई, हेच तर त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, "तुम्ही शहागडचा ट्रक सुरू करता ना, तेव्हा मिटते."

दौरा मात्र झकास झाला. त्यांनी मालकाला एक शब्द सांगितला न्हाई. परतीच्या वाटेवर त्या थांब्यावर मला खिडकीला बसवून त्या स्वतः वाटेच्या खुर्चीत बसल्या, पाय आडवे टाकून. खालचा एक माणूस वर आला आणि माझ्यासाठी भाजलेल्या शेंगांची पुडी देऊन गेला. मावशींनी पाठवली होती. कुकर पोचला. अशी माणसं असतात बघा, आपण फक्त हात हलवत बसतो.

पण त्या दिवसापासून माझं एक नुकसान झालंय. परतूरला उतरलो, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गाडीत बसलो, गिराम गुरुजींना हा सगळा किस्सा सांगायला घेतला. रांजणी यायच्या आत त्यांचा डोळा लागला. मी पहिल्यांदाच नीट निरखून बघितलं. पापण्या हलत होत्या.

संध्याकाळी घरी सुमनला सांगायला बसलो. तिला तर माझ्या बोलण्यानं लग्नापासून पाच मिनिटांत गाढ झोप लागते. मी सगळ्या पाहुण्यांत सांगत आलो की आमच्या घरात समाधानच तेवढं आहे. त्या संध्याकाळी तिचे डोळे मिटलेले, आणि हात बराबर शेंगा सोलत होता.

म्हणून म्हणतो, चहा पुन्हा ठेवा हवं तर. पण तुम्ही दोघं, ते कोपऱ्यातले, जरा डोळे उघडा बघू.